मोनेचं तळं आणि गावकऱ्यांची हरकत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना लावलेलं पाल्हाळ थोडं कापलंय, थोडं तसंच ठेवलंय.

हिरवा पूल, खाली तळं, त्यात तरंगणारी गुलाबी-पांढरी फुलं. हे चित्र तुम्ही पाहिलंय. कुणाच्या तरी फोनच्या वॉलपेपरवर, कॉफीच्या मगवर, नाहीतर डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये. चित्रकार क्लोद मोने. गाव जिव्हर्नी, पॅरिसपासून साधारण 75 किलोमीटर. पण हे तळं खोदायलाच गावानं हरकत घेतली होती, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. वाचलं आणि त्या रात्री झोप उडाली. का, ते सांगतो.

मोने 1883 मध्ये जिव्हर्नीला भाड्याच्या घरात राहायला आला. चित्रं विकली जायला लागली, 1890 मध्ये त्यानं ते घर विकत घेतलं आणि 1893 च्या सुरुवातीला रेल्वेरुळापलीकडचा जमिनीचा एक तुकडा घेतला. त्या तुकड्याजवळून एप्त नदीचा एक लहानसा फाटा वाहत होता. त्यातलं पाणी आत वळवायचं, तळं करायचं आणि पाण्यात, काठावर फुलझाडं लावायची असा बेत. त्यासाठी प्रीफेक्टची परवानगी हवी होती. प्रीफेक्ट म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा माणूस. मोनेनं अर्ज टाकला.

आणि गाव उठलं! फाट्याच्या खालच्या अंगाला बायका कपडे धुवायच्या, गुरं पाणी प्यायची. हा चित्रकार कुठली कुठली परदेशी झाडं आणून लावणार, त्यानं पाणी विषारी झालं तर काय करायचं, असा सवाल.

मोने भडकला. त्या दिवसांत तो रूआँ शहरात होता. तिथून त्यानं ॲलिसला, म्हणजे बायकोला, पत्र लिहिलं. सार असं, की मला या भानगडीत पडायचं नाही, आणलेली पाणझाडं नदीत टाकून द्या, तिथे उगवतील. शिवाय जिव्हर्नीचे गावकरी आणि इंजिनियर, दोघांनाही एक कचकचीत शिवी. (इंजिनियर म्हणून मी ती वैयक्तिक घेतलेली नाही.)

राग शांत झाल्यावर जुलैमध्ये प्रीफेक्टला पुन्हा पत्र गेलं. या वेळी सूर मवाळ. म्हणे मी फक्त कुमुदिनी, बोरू आणि वेगवेगळे आयरिस लावणार आहे. ही झाडं आपल्या नदीकाठी एरवीही आपोआप उगवतात, विषाचा प्रश्नच येत नाही. काही दिवसांत परवानगी मिळाली.

आता गंमत बघा. लगेच पुढच्या वर्षी, 1894 मध्ये, मोनेनं ऑर्डर दिली लातूर-मार्लियाक यांच्या रोपवाटिकेला. हा माणूस म्हणजे कुमुदिनीचा किमयागार. तोपर्यंत फ्रान्सच्या थंडीत तग धरणारी कुमुदिनी म्हणजे जवळपास पांढरीच. यानं अमेरिकेतून आलेल्या जातींशी तिचा संकर करून पिवळ्या, गुलाबी, तांबूस छटा काढल्या आणि 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या. नदीकाठी आपोआप उगवणाऱ्यातली ही फुलं नक्कीच नव्हती! अर्जात एक आणि प्रॉडक्शनमध्ये दुसरंच, हा प्रकार आमच्या धंद्यातही चालतो.

काठाची लागवड मला तर पाण्यातल्या फुलांपेक्षा भारी वाटते. तिथला पिवळा आयरिस, शेजारी जपानी आयरिस, दक्षिण आफ्रिकेचा निळा अगापँथस, जपानी पिओनी, बांबू, पुलावर विस्टेरियाचे घोस. सगळी वर्षानुवर्षं टिकणारी, दरवर्षी नव्यानं फुलणारी झाडं. पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पिवळ्या आयरिसचे पाय चिखलात बुडाले तरी तो खूश. जपानी आयरिसला उन्हाळ्यात ओल हवी, हिवाळ्यात मात्र मुळाशी पाणी तुंबलेलं नको. अगापँथसला तर ते अजिबात खपत नाही, त्याची जागा वरच्या निचऱ्याच्या अंगाला. म्हणजे पाण्यापासून अर्ध्या हातावर एक झाड जगतं आणि दुसरं कुजतं. मोनेनं यासाठी माळी ठेवले होते. त्यातला एक फक्त तळ्याचा. तो सकाळी होडीतून फिरून फुलं-पानं साफ करायचा, कारण रस्त्याची धूळ आणि रेल्वेची काजळी त्यांच्यावर बसायची. पुढे मोनेनं स्वतःच्या पैशानं रस्त्यावर डांबर टाकून घेतलं.

मग गावकरी अडाणी होते का? चित्रकलेच्या पुस्तकांत हा प्रसंग विनोदासारखा येतो. बिचारा कलावंत, मूर्ख गाव. मला ते पटत नाही.

कारण त्याच काळात आणखी एक परदेशी फूल बागेतल्या तळ्यांसाठी जगभर फिरत होतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं, फिकट जांभळं, फारच देखणं. 1890 च्या सुमारास ते फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीत पोचलं आणि होड्यांचे रस्ते बंद करू लागलं. बंगालमध्येही ते शोभेसाठीच आलं आणि नद्या, खाड्या, भातशेतं व्यापून बसलं. शेवटी 1936 मध्ये फक्त या एका झाडासाठी बंगालला कायदा करावा लागला. त्याला आपण जलपर्णी म्हणतो.

'नदीत टाकून द्या, उगवतील.' मोनेच्या पत्रातलं हे म्हणणं जलपर्णीच्या बाबतीत शब्दशः खरं ठरलं असतं. जिव्हर्नी वाचलं, कारण मोनेची झाडं वेगळी होती. मार्लियाकच्या बऱ्याच संकरित कुमुदिनींना बीच धरत नाही. त्या गाठीवर वाढतात, लावल्या तिथेच पसरतात. पण 1893 मध्ये नदीवर कपडे धुणाऱ्या बाईला हे कोण सांगणार होतं? विषाची शंका चुकीची होती. वाहतं पाणी सगळ्यांचं असताना त्यात काय सोडायचं हे एकट्यानं का ठरवावं, हा प्रश्न मात्र बरोबर होता. आणि उलट प्रवासही झालाच. जिव्हर्नीच्या काठावरचा तो साधा पिवळा आयरिस अमेरिकेत शोभेसाठी गेला, आणि आज तिथल्या अनेक राज्यांत तो उपद्रवी मानला जातो.

मोने 1926 मध्ये गेला. नंतर बागेची दशा झाली, काठ ढासळले. 1977 पासून तळं नव्यानं बांधून काढलं आणि 1980 मध्ये बाग लोकांना खुली झाली. आता वर्षाला पाच लाखांहून जास्त माणसं तिथे जातात.

मी रोज ऑफिसला जाताना मुळा नदीचा पूल ओलांडतो. उन्हाळ्यात पाणी दिसत नाही, नुसता हिरवा गालिचा. आपण सांडपाणी सोडतो, तिला फुकट खत मिळतं. गेल्या आठवड्यात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, खाली मशीन जलपर्णी उपसत होतं. शेजारच्या स्कूटरवरची एक लहान मुलगी आईला म्हणाली, "आई, ती जांभळी फुलं घरी नेऊया ना, आपल्या टबात लावू."

सिग्नल सुटला. आईनं काय उत्तर दिलं ते ऐकूच आलं नाही.