आजीबाईंची शाळा (फांगणे)

आजीबाईंची शाळा ही ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याच्या फांगणे या गावी साठीपुढील निरक्षर स्त्रियांसाठी स्थापन झालेली शाळा होय. जागतिक महिला दिनी, ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू झाली. उतारवयात मेंदू नवे कौशल्य आत्मसात करू शकतो का, या प्रश्नाच्या संदर्भातही या उपक्रमाचे महत्त्व आहे.

स्थापना व स्वरूप

गावातील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने व मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ही शाळा उभी राहिली. घरकाम व शेतीकाम उरकून विद्यार्थिनी दुपारी दोन ते चार या वेळेत वर्गात बसत. गुलाबी साडी हा त्यांचा गणवेश. पाटीवर मुळाक्षरे व अंक गिरवणे, बडबडगीते म्हणणे आणि स्वतःचे नाव लिहिणे हा अभ्यासक्रमाचा गाभा होता. घरी नातवंडे त्यांचा अभ्यास घेत.

वाचन आणि मेंदू

वाचनासाठी मेंदूत जन्मजात केंद्र नसते. वस्तू व चेहरे ओळखणाऱ्या दृक्-क्षेत्राचा डावीकडील काही भाग सरावाने अक्षरे ओळखू लागतो. स्तानिस्लास देआन व सहकाऱ्यांच्या २०१० मधील अभ्यासात प्रौढपणी साक्षर झालेल्यांच्या मेंदूतही हा बदल आढळला. लखनौ परिसरातील निरक्षर प्रौढांना सुमारे सहा महिने देवनागरी वाचन शिकवून केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थॅलॅमस व मस्तिष्कस्तंभ यांचा दृक्-क्षेत्राशी समन्वय वाढल्याचे दिसले. तथापि त्यातील सहभागी फांगण्याच्या विद्यार्थिनींपेक्षा बरेच तरुण होते. त्यामुळे ते निष्कर्ष या शाळेला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

वय, स्मरण व सर्जनशीलता

वाढत्या वयात माहिती हाताळण्याचा वेग व कार्यकारी स्मृती मंदावते. शब्दसंग्रह आणि अनुभवसिद्ध ज्ञान मात्र दीर्घकाळ टिकते. म्हणून घ-ध, भ-म यांसारख्या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना अधिक उजळणी लागते. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. पाटी पुसून अक्षर आठवून लिहिणे हे नुसते पाहून गिरवण्यापेक्षा स्मरणास अधिक उपकारक ठरते.

निरक्षरता म्हणजे स्मरणशक्तीचा अभाव नव्हे. महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांनी जात्यावरच्या असंख्य ओव्या मुखोद्गत ठेवल्या आणि ओळखीच्या चालीत नव्या ओव्याही रचल्या. लय व यमक स्मरणाला आधार देतात, तर ठरलेल्या चौकटीमुळे नवरचना सुलभ होते.

महत्त्व

अशा शिक्षणाचे यश केवळ वाचनाच्या वेगावर मोजता येत नाही. बालपणी शाळेपासून वंचित राहिलेल्या स्त्रीला अंगठ्याऐवजी स्वाक्षरी करता येणे, हे तिच्या आत्मसन्मानाशी व व्यवहारातील स्वावलंबनाशी निगडित आहे.