रंगाला रंग मिळवताना

दिवाळीच्या तोंडावर भिंतीचा एखादा पोपडा निघाला आणि तेवढ्याच जागी रंगाचा हात फिरवला, तर काय होते ते गृहिणींना सांगायला नको. रंग त्याच डब्यातला, तरी भिंतीवर ठिगळ उठून दिसते! मोटारीच्या ओरखड्याचेही असेच आहे. आणि ही पंचाईत कशी उद्भवली, त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडे सोडलेल्या बग्ग्याच. त्यांचे रोगणही बग्गीचेच. एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा द्यायचा. एकेका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत.

हेन्री फोर्डने आपल्यापुरता हा घोळ निकालात काढला. त्याची 'मॉडेल टी' १९०८ साली निघाली, तेव्हा ती तांबडी, हिरवी, करडी अशी मिळे. १९१४ पासून १९२५ पर्यंत मात्र ती काळी म्हणजे काळीच! ते काळे रोगण स्वस्त होते आणि चिवटही. काळ्याला काळे शोधायला फार लांब जावे लागत नसे.

पण माणसाला रंगांची हौस असतेच. जनरल मोटर्सचा संशोधक चार्ल्स केटरिंग याने लवकर वाळणाऱ्या रोगणाचा ध्यास घेतला. गाडी झटपट रंगवता येते यावर विश्वास न ठेवणाऱ्या एका पाहुण्याला त्याने जेवायला बसवून ठेवले आणि तेवढ्यात त्याचीच गाडी दुसऱ्या रंगात रंगवून दाखवली, अशी गोष्ट सांगतात. ड्यूपाँ कंपनीचे ते 'ड्यूको' रोगण लावलेली निळी 'ओकलंड' १९२३ साली बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले. १९२८ साली याच जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला.

रंग वाढले, तसा प्रश्न आला : निळा म्हणजे नेमका कोणता? मोरपंखी, अस्मानी की शाईचा? अल्बर्ट मन्सेल या बॉस्टनच्या चित्रकलाशिक्षकाने १९०५ सालीच एक वाट दाखवून ठेवली होती. रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याचा गडदपणा या तीन मापांनी कोणताही रंग आकड्यांत मांडता येतो, असे त्याने दाखवले. मोटारींच्या रंगांनाही पुढे क्रमांक मिळाले. आज तो क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाजवळच्या पट्टीवर सापडतो.

तरी वाचकहो, नुसत्या क्रमांकाने भागत नाही. तो गाडीचा जन्माचा रंग सांगतो; गाडीने त्यानंतर सोसलेले ऊन-पाऊस तो सांगत नाही. शिवाय दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, आणि ओला रंग वाळल्यावर पालटतो. म्हणून जाणता रंगारी आधी पत्र्याच्या तुकड्यावर हात देतो, तो पुरता वाळू देतो, आणि दिवसाच्या उजेडात गाडीला लावून पाहतो. समोरून आणि तिरपाही. मग थेंबाथेंबाने कमीजास्त करतो. शेवटी नव्या रंगाची कड जुन्यात अशी विरवतो की नजरेला सीमा सापडू नये.

आता रंग मोजणारी यंत्रे आली आहेत, आणि ती मोठी कामाची आहेत. पण रंग जुळला की नाही, हा शेवटचा निवाडा अजून डोळ्यांकडेच आहे. उत्तम रफू तेच, जे दिसत नाही. आणि या रंगाऱ्याचीही शाबासकी एवढीच, की त्याचे काम कोणाच्या लक्षात येऊ नये.