तबकडी ते डिस्ट्रिब्युटर : गाणं तुमचं, पण चावी कोणाकडे?

पनवेलहून बोलतोय. गेले काही महिने इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, हळदीचं गाणं केलंय, मास्टर तयार आहे. स्पॉटिफाय, जिओसावनवर टाकायला डिस्ट्रोकिड घेऊ की ट्यूनकोर?" विचारणारे बहुतेक आपल्याच उरण-पनवेल पट्ट्यातले, घरी माइक आणि लॅपटॉपवर काम करणारे. उत्तर देणार आहेच, पण त्याआधी तुम्हाला सव्वाशे वर्षं मागे नेतो. कारण हा प्रश्न नवा नाही, फक्त त्याचं अ‍ॅप नवं आहे.

नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग भारतात आवाज पकडायला आला होता. गौहर जान त्याच्या भोंग्यासमोर गायली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. त्यात ख्याल-ठुमरी बसवायची आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं. अनेकांना तो नखरा वाटतो, पण त्यामागे कारण होतं. ध्वनिमुद्रणं तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची. तिथल्या कामगाराला कसं कळणार कोण गातंय? म्हणून नाव गाण्यातच.

आज डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्ममध्ये गायक, गीतकार, संगीतकार, भाषा असे रकाने भरताना आपण वैतागतो ना, ते हेच काम. मेटाडेटा. आपल्याकडे तर जास्तच जपून भरायला हवं. एकाच नावाचे किती पाटील, म्हात्रे, ठाकूर निघतील सांगा! स्पेलिंग आणि प्रोफाइलची लिंक नीट दिली नाही, तर तुमचं गाणं भलत्याच म्हात्रेच्या पानावर जाऊन बसतं.

१९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच छापल्या जाऊ लागल्या. पुढची अनेक दशकं कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही म्हणजेच रेकॉर्ड, असं समीकरण होतं. मुंबईत १९३५च्या सुमारास 'यंग इंडिया' हे देशी लेबल आलं, त्यानं नवख्यांनाही संधी दिली. पण एकूण दरवाजे मोजकेच. दारावर बसलेला माणूस हो म्हणाला तर तुमचा आवाज घराघरांत जाणार, नाहीतर गणपतीत आणि लग्नात गायचं.

आत शिरल्यावर पैशाचं काय? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यावरून मोठं भांडण झालं. लता मंगेशकरांचं म्हणणं होतं, रेकॉर्ड विकली जाते तोवर गाणाऱ्यालाही रॉयल्टी मिळावी. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं : गायलो, मानधन घेतलं, व्यवहार संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आपण ही गोष्ट रुसवा म्हणून सांगतो, आणि मला ते जरा खटकतं. तो मुद्दा व्यवहाराचा होता, आणि लताबाईंना तो सगळ्यांच्या आधी दिसला होता.

मग आली कॅसेट. टेप स्वस्त, कॉपी काढणं सोपं. १९८३ मध्ये गुलशन कुमारांनी सुपर कॅसेट्स म्हणजे टी-सिरीज सुरू केली आणि एचएमव्हीचं साम्राज्य हललं. त्याचा खरा फायदा झाला तो प्रादेशिक गाण्याला. आनंद शिंदेंचा पोपट, भीमगीतं, लोकगीतं, वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं, सगळं टेम्पोत, टपरीवर, मांडवात वाजू लागलं. जे गाणं रेकॉर्डच्या दुकानात कधी गेलं नसतं ते एसटी स्टँडवर विकलं जाऊ लागलं. पण करार? बऱ्याचदा एकरकमी. ठरलेले पैसे घ्या, सही करा. कॅसेट पाचशे खपली काय किंवा पाच लाख, गाणाऱ्याच्या हातात तेवढंच.

पनवेलकरांना एकरकमीचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. मोबदला ठरलेला, आणि जमिनीची किंमत पुढे कितीही वाढली तरी त्यात आपला वाटा नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तो लढा आणि गाण्याचा करार एका तागडीत तोलायचा नाही, तसं मी करतही नाही. पण एकदाच मिळणारी रक्कम आणि कायमचा वाटा यातला फरक आपल्या आजोबांना कळला होता. तो गाण्याच्या कागदावर सही करताना विसरायचं काही कारण नाही.

कायद्यानं हे मान्य करायला २०१२ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहूनच देऊ शकत नाहीत. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो. आणखी एक कामाची गोष्ट : हक्क लिहून देताना करारात मुदत घातली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून समोरचा वकील 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द विसरत नाही. कोणी "आमच्या चॅनलवर टाकतो, वीस हजार देतो" म्हणालं तर आधी हे दोन शब्द शोधा. ते डिस्ट्रिब्युशन नव्हे, ती विक्री आहे.

दरम्यान दरवाजाच नाहीसा झाला. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि आगरी-कोळी गाणी यूट्यूबवर सुसाट सुटली. प्रवीण कोळी-योगिता कोळी यांचं 'गोव्याच्या किनाऱ्याव' कोणाला माहीत नाही? कोणत्याही कॅसेट कंपनीच्या ऑफिसात न जाता गाणं राज्यभर जातं, हे सगळ्यांनी पाहिलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. कलाकारांनी थेट गाणं अपलोड करावं, असा प्रयोग त्यांनी त्याआधी काही निवडक लोकांसोबत केला होता, तो त्याच वर्षी गुंडाळला. म्हणून मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. त्याला गाणं विकायचं नसतं. तो पोचवतो आणि हिशेब आणून देतो. कुरिअरवाला समजा, पण महिन्याच्या महिन्याला पैसे गोळा करणारा.

आता तुमचा प्रश्न. दर सतत बदलतात, म्हणून मी पद्धत सांगतो. डिस्ट्रोकिडमध्ये वार्षिक वर्गणी, हवी तेवढी गाणी टाका, कमाईत ते वाटा घेत नाहीत. ट्यूनकोरचंही मुख्य गणित वार्षिक. सीडी बेबी १९९८ पासूनची जुनी कंपनी, तिथे प्रत्येक रिलीजला एकदाच पैसे, पण कमाईतले ९ टक्के त्यांचे. राउटनोटमध्ये फुकट टाकता येतं, मग १५ टक्के ते ठेवतात.

सगळे विचारतात, स्वस्त कोणतं? मी विचारेन, पैसे भरायचं थांबलो तर काय? वार्षिक पद्धतीत कार्डाची मुदत संपली, वर्गणी चुकली, तर गाणं खाली उतरू शकतं. डिस्ट्रोकिड जादा पैसे घेऊन ते कायम ठेवायची सोय देतं, पण ती प्रत्येक रिलीजला वेगळी. म्हणजे बघा, कॅसेटवाला एकदा पैसे देऊन गाणं कायमचं न्यायचा. इथे गाणं तुमचंच राहतं, पण दुकानात ठेवायचं भाडं तुम्ही भरता. दर महिन्याला गाणं काढणाऱ्याला वर्गणी परवडते. ज्याचं एकच गाणं आहे आणि दुसरं पुढच्या लग्नसराईत होईल की नाही माहीत नाही, त्यानं एकदाच पैसे भरावेत किंवा टक्केवारी द्यावी. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात किमान हजार वेळा ऐकलं गेलं तरच गाण्याला पैसे मिळतात, हेही हिशेबात धरा.

डिस्ट्रिब्युटर बदलायचा झाला तर आयएसआरसी नंबर जपून ठेवा. बारा अक्षरांचा हा कोड म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगचं आधार कार्ड. नव्या ठिकाणी तोच कोड आणि तीच फाइल दिली तर ऐकल्याचे जुने आकडे सहसा टिकतात.

धवल्यांबद्दल मुद्दाम सांगतो. लग्नात धवलारीण जे गाते ते परंपरेचं आहे, ते कोणा एकाचं नाही. तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग तुमचं, चाल नाही. डिस्ट्रिब्युटर यूट्यूबच्या कंटेंट आयडीसाठी विचारेल तेव्हा मूळ पारंपरिक सूर किंवा इंटरनेटवरून घेतलेला बीट असेल तर 'नाही' म्हणा. नाहीतर शेजारच्या गावातल्या बाईनं स्वतःच्या नातीच्या हळदीचा व्हिडिओ टाकला तरी त्यावर तुमचा दावा लागेल. बीट ज्याच्याकडून घेतला त्यानं तो अजून पन्नास जणांना दिलेला असतो, तो भाग वेगळाच.

डिस्ट्रिब्युटर फक्त रेकॉर्डिंगचे पैसे आणतो. गीतकार-संगीतकाराचा वाटा आयपीआरएसमार्फत येतो, तिथे वेगळं सभासद व्हावं लागतं. परदेशी कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन नावाचा करफॉर्म नीट भरा. अमेरिकेतून आलेल्या कमाईवर नाहीतर ३० टक्के कापले जाऊ शकतात, करारानुसार रॉयल्टीवर ते १५ होतात.

आणि एक अगदी घरगुती गोष्ट. आपल्याकडे गाणं एकटा करत नाही. एक गातो, एक लिहितो, एक अरेंज करतो, व्हिडिओवाला मित्र असतो. अकाउंट मात्र ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्याच्या ईमेलवर उघडतं. दोन वर्षांनी भांडण झालं की पासवर्ड त्याच्याकडे. अपलोडचं बटण दाबायच्या आधी चौघांनी बसून कोणाचे किती टक्के ते व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे, कागदावर लिहा. सह्या करा, फोटो काढून चौघांकडे ठेवा. मग हळद लावा.