होडीतल्या मुलाची मोजदाद

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून निघाले की पैठणचा नाथसागर साधारण तासाभरात येतो. समुद्र मात्र घाट उतरून सबंध दिवसाच्या प्रवासाएवढा लांब. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत इथले एखादे कुटुंब मुरूडला जायचे ठरवते, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहायचा बेत आखते आणि बरोबर दोन वर्षांचे मूल असते, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, आपण कोरडवाहू मुलखातली माणसे, एवढ्याशा लेकराला दर्यावर कशाला न्यायचे? या प्रश्नामागे काळजी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. आपल्याकडच्या जलप्रवासाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. लहान मूल समुद्रावर नेहमीच होते. त्याची मोजदाद मात्र कधी झाली नाही. कधी ते माल होते, कधी आईच्या पदराआडचे ओझे, कधी बिनतिकिटाचा उतारू. मुलाला होडीत न्यावे की नेऊ नये, यापेक्षा होडी चालवणारी व्यवस्था त्याला माणूस म्हणून मोजते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

मराठवाड्याचा समुद्राशी संबंध नाही, ही समजूत आधी बाजूला ठेवू. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठांची नावे येतात. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांची जहाजे आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे आणि ते समुद्रापासून कित्येक मजल दूर, सह्याद्रीच्या आतल्या अंगाला. पाहणाऱ्यांना जहाज ठाऊक नसते, तर ते चित्र तिथे काढले गेले नसते. शिवाय या शहराचा जन्मच समुद्राशी बांधलेला आहे. १६१० मध्ये खडकी हे नगर वसवणारा आणि पुढे नहरीतून त्याला पाणी देणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहान वयात तो गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद अशा बाजारांतून फिरत अखेर जहाजाने दख्खनला पोहोचला. ज्या शहरात आज उस्मानपुरा आहे, त्याचा संस्थापक आपल्या बालपणी कुणाच्या तरी मालाच्या यादीत एक नग म्हणून समुद्र ओलांडत होता. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेहून आलेल्या याच हबशी परंपरेतले आणि तेही निजामशाहीच्या सेवेतून वर आलेले. म्हणून उस्मानपुऱ्याहून जंजिऱ्याला जाणारे कुटुंब परक्या इतिहासाकडे जात नाही.

यावर आक्षेप येईल की धर्मशास्त्राने समुद्रप्रवास निषिद्ध मानला होता आणि आपल्या लोकांच्या मनातली भीती तिथूनच आली. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे पातक सांगितले आहे, हे खरे. पण निषेध सहसा चालू असलेल्या गोष्टीचाच होतो. शिवाय त्या बंधनाचा भार मुख्यतः वरच्या वर्णांवर होता. कोळी, भंडारी, खारवी आणि किनाऱ्यावरचे मुसलमान दालदी यांचे संसारच पाण्यावर उभे होते. तिथे बाळंतपणाला माहेरी निघालेली बाई होडीतून जाई आणि महिना-दोन महिन्यांचे मूल घेऊन होडीतूनच परत येई, कारण कोकणात खाड्यांनी रस्ते तोडले होते आणि पाणी हाच रस्ता होता.

त्या काळी मुलाचे रक्षण कोण करी? कायदा नव्हता आणि तरंगणारी जाकिटेही नव्हती. रक्षण करी ते ऋतूचे आणि वाऱ्याचे ज्ञान. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे होडी बाहेर नेत आणि दुपारनंतरचे खारे वारे तिला किनाऱ्याला परत लावत. दिवसभरात जाऊन येण्याचे गणित या दोन वाऱ्यांवर बसलेले होते. जेठ लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत त्या पाण्यात उतरत नसत. या प्रथेत श्रद्धा होती आणि तिच्या पोटात अनेक पिढ्यांचा अनुभवही होता. तांडेल नको म्हणाला की होडी निघत नसे. हा निर्णय घेणारा माणूस स्वतः त्याच होडीत बसलेला असे आणि बहुतेक वेळा उतारूंना नावाने ओळखत असे. मूल कोणत्याही वहीत नोंदलेले नसले, तरी तांडेलाला ते ठाऊक असे.

आगबोटींनी हे नाते बदलले. वाफेच्या बळावर वाऱ्याची वाट पाहायची गरज उरली नाही आणि वेळापत्रक कंपनीच्या कचेरीत ठरू लागले. कोकणच्या कित्येक बंदरांत धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राही, उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात आणि लहान मुले हातोहात वर दिली जात. गर्दी वाढली, ओळख संपली आणि मोजदाद तिकिटावर आली. ज्याला तिकीट नाही तो हिशेबात नाही, हा नियम तेव्हा रुजला. त्याची किंमत १७ जुलै १९४७ रोजी कळली. आषाढी अमावास्येच्या सुमाराला, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, म्हणून किनाऱ्याला कित्येक तास पत्ता लागला नाही. जे वाचले त्यांतल्या अनेकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. बळींचे वेगवेगळे आकडे आजही सांगितले जातात. ज्या प्रवासात बसलेली माणसेच नीट मोजली गेली नाहीत, तिथे मांडीवरच्या मुलांचा हिशेब कुठून लागणार?

पुढे रस्ते आणि पूल झाले, कोकणच्या बोटी थांबल्या आणि समुद्रप्रवास गरजेकडून सहलीकडे वळला. याच टप्प्यावर दूरच्या जिल्ह्यांतली कुटुंबे लहान मुलांसह पाण्यावर येऊ लागली. राजपुरीची होडी आजही वारा असेल तेव्हा शिडावर जाते. उतारू वाहण्याचे एक प्राचीन तंत्र सामान्य माणसाला अनुभवता येईल अशा महाराष्ट्रातल्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. पण गरज गेली तरी जुनी बेहिशेबी वृत्ती गेली नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. काही पालक घाबरून मुलांना पाण्यात टाकायच्या बेतात होते आणि आम्ही त्यांना थांबवले, असे मदतीला पोहोचलेल्या औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी सांगितले. आईबापांवर ही पाळी आली, कारण मुलासाठी तिथे दुसरी कसलीच सोय दिसत नव्हती.

मग वडीलधाऱ्यांचे म्हणणेच खरे ठरत नाही का? समुद्र टाळा, तलावावर न्या? याला उत्तर १८ जानेवारी २०२४ च्या वडोदऱ्यातील घटनेत आहे. हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि जाकिटे सगळ्यांना नव्हती. पाणी गोडे होते, लाट नव्हती, काठ समोर दिसत होता. धोका पाण्याच्या प्रकारात नसून मोजदादीच्या अभावात असतो. दुसरे कुणी म्हणेल, कोळ्यांची मुले जाकिटाविना वाढतातच. वाढतात, पण ती पाण्याशेजारी जन्मतात, पोहायला शिकतात आणि त्यांच्याभोवती दर्या ओळखणारी माणसे असतात. पैठणच्या पलीकडे पाणी न पाहिलेल्या मुलाला हे कवच एका सकाळीत मिळत नाही. त्याला त्याच्या मापाचे जाकीटच लागते. बेशुद्ध झाले तरी तोंड वर ठेवणारी मानेची गादी आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा त्याला हवा, कारण मोठ्यांच्या जाकिटातून लहान मूल खाली निसटते. तिसरा आक्षेप, दोन वर्षांच्या मुलाला यातले काय आठवणार? बहुधा काहीच नाही. पण आठवणार नाही म्हणून आपण मुलाला गोष्ट सांगायचे किंवा जत्रेला न्यायचे थांबवत नाही. कुटुंबाने एकत्र घेतलेल्या अनुभवात मुलाचे स्थान त्याच्या स्मरणशक्तीवर ठरत नाही.

म्हणून मुलाला न्यावे, पण अटींवर न्यावे. पावसाळा सोडून, सकाळच्या शांत वेळी, आणि भरती-ओहोटी विचारून. शिडाचा आडवा वासा फिरतो त्या बाजूला मूल बसवू नये. तांडेल नको म्हणाला तर हुज्जत न घालता परत फिरावे. याहून मोठी जबाबदारी परवाना देणाऱ्यांची आहे. १९९६ पासून महाराष्ट्र सागरी मंडळ अस्तित्वात आहे. होडीच्या क्षमतेत तान्हे मूलही एक माणूस धरणे, तिकीट नसले तरी त्याचे नाव निघण्यापूर्वी यादीत लिहिणे आणि प्रत्येक धक्क्यावर लहान मापाची जाकिटे ठेवणे, यातले काहीही अवघड नाही. पूर्वी तांडेल ओळखीच्या जोरावर जे करत असे, ते आता अनोळखी माणसांसाठी नियमाने करायचे आहे. मलिक अंबरसारख्या मुलांना या समुद्राने कधीकाळी मालाच्या यादीत टाकले होते. त्याने वसवलेल्या शहरातल्या मुलांना उतारूंच्या यादीत हक्काची जागा मिळावी, ही मागणी उस्मानपुऱ्यातल्या प्रत्येक आईबापाने होडीत पाय ठेवण्यापूर्वी धक्क्यावरच करायला हवी.