पेठेचे शेटे-महाजन आणि पालिकेच्या समित्या

वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात, सेनापती धनाजी जाधवांची समाधी जिथे आहे आणि ज्याचा जनावरांचा बाजार दूरवर ठाऊक आहे, त्या कोल्हापूरकडच्या वडगावच्या नावाशी ‘पेठ’ हा शब्द जडला आहे; आणि या एका शब्दात गाव राखण्याची एक जुनी व्यवस्था साठवलेली आहे. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची म्हणजे सरकारातून कौल मिळे, काही वर्षांची जकात माफ होई, आणि उदमी बोलावून त्यांना जागा नेमून देणे हे शेट्याकडे, तर हिशेब व दप्तर राखणे हे महाजनाकडे वतन म्हणून सोपविले जाई. कसब्यात पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार असत. पाणी भरणे कोळ्याचे, तर वेस-शीव राखणे महाराचे काम ठरलेले असे. कामाला नावानिशी धनी होता, हे या रचनेचे सामर्थ्य मी मान्य करतो. परंतु ज्यांच्या कष्टांनी गाव निर्मळ राही त्यांनाच गावच्या पाणवठ्याला शिवण्याची मनाई असे, हा तिचा अन्यायही तितकाच खरा आहे, आणि त्यापुढे त्या सामर्थ्याचे कौतुक पुष्कळच फिके पडते.

वतनाची जागा समितीने घेतली ती एकोणिसाव्या शतकात. कंपनी सरकारचा नगरपालिकांविषयीचा कायदा 1850 चा, आणि कोल्हापूर शहराची नगरपालिका 1854 ची. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि पुढे 1965 च्या महाराष्ट्र अधिनियमाने नगरपरिषदांना आज परिचित असलेले रूप दिले: निवडलेला नगराध्यक्ष व लोकांनी निवडलेले सदस्य, शासनाने नेमलेला मुख्याधिकारी, आणि बांधकाम, आरोग्य, पाणीपुरवठा अशा विषयांच्या समित्या. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याने त्यांत वृक्ष प्राधिकरणाची भर घातली, आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे कर्तव्यही पालिकांच्या पदरी आले.

1992 साली रिओ येथील पर्यावरणविषयक जागतिक परिषदेने नगरांनी आपल्या रहिवाशांशी विचारविनिमय करून स्वतःचा विकासक्रम आखावा असे सुचविले. त्याच वर्षीच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे संरक्षण हा विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरांच्या कक्षेत, आणून ठेवला. मात्र लहान नगरांना त्याची खरी जाग आणली ती 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या राज्य शासनाच्या माझी वसुंधरा अभियानाने. पहिल्याच वर्षी त्यात 686 स्थानिक संस्था उतरल्या, आणि त्यांत नगरपरिषदा 226 होत्या. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर कामाची विभागणी करण्याची कल्पना मला फार अर्थपूर्ण वाटते. कचरा आणि झाडे भूमीत, ओढे-विहिरी जलात, विजेची काटकसर अग्नीत, आणि लोकजागृती आकाशात अशी मांडणी झाली, की आरोग्य, पाणीपुरवठा, विद्युत आणि नगररचना या एरवी आपापल्या दप्तरात बसणाऱ्या विभागांना एका मेजाभोवती यावेच लागते. मोठ्या शहरांनी यासाठी निराळे कक्ष उघडले व बाहेरचे तज्ज्ञ जोडून घेतले; मुंबईचा वातावरणीय कृती आराखडा मार्च 2022 मध्ये असाच प्रसिद्ध झाला. लहान पालिकेत मात्र सकाळी घंटागाडी काढणाऱ्या माणसांच्याच माथी संध्याकाळी आराखड्याचे तक्ते येतात.

या मेजाभोवतीची एक खुर्ची मला नेहमी रिकामी दिसते. पहाटेच्या अंधारात खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून जाणारा पाणी सोडणारा कामगार झाकण उचलतो, चावी अर्धा फेरा फिरवून थांबतो, आणि नळातला आवाज ऐकून पुढचा अर्धा फेरा देतो. कोणत्या गल्लीत किती पाणी मुरते हे त्याला नकाशावाचून कळते. वॉर्डाच्या मुकादमालाही हजेरीवही न उघडता ठाऊक असते, की कोणत्या चौकात ओला आणि सुका कचरा रोज एकाच डब्यातून येतो. अशा माणसांना वसुंधरेच्या बैठकीचे लेखी बोलावणे जावे, त्यांनी दाखविलेली गळती इतिवृत्तात त्यांच्या नावानिशी नोंदली जावी, आणि पुढच्या बैठकीत त्याच नोंदीपासून कामकाज सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते.