दोन दिवसांचा ताप

रोगजंतूंवर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारले तर मला गप्पच बसावे लागेल. शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते दौंडच्या रेल्वे वस्तीत, वाचनालयाच्या बाकावर आणि रांजणगावच्या कारखान्यांच्या फाटकांवर. पण २०२१ साली अशाच एका फाटकावर एका कंत्राटी मजुराने मला विचारले, "अण्णा, लस टोचली की ताप येतो म्हणतात. त्या दिवसाचा खाडा कोण भरून देणार?" उत्तर मला सुचले नाही. ते शोधता शोधता मी सव्वाशे वर्षे मागे गेलो, आणि जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे मांडतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची वखार. जिथे धान्य तिथे उंदीर, उंदरावर पिसू आणि पिसवेच्या पोटात प्लेगचा जंतू, अशी ही साखळी. आज आपल्याला ती पाठ आहे. त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हती. जंतू कोणता ते येर्सिन या शास्त्रज्ञाने हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच दाखविले होते, पण तो माणसात शिरतो कसा हे उमगले नव्हते. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत पिसवेकडे बोट दाखविले, तेव्हा बहुतेकांनी मान हलवून सोडून दिले.

उंदराला आणि पिसवेला तिकीट लागत नाही. धान्याच्या पोत्यांतून आणि पळणाऱ्या माणसांच्या गाठोड्यांतून रोग देशावर आला. दौंड–मनमाड रस्ता १८७८ सालीच सुरू झालेला, त्यामुळे आमचे दौंड म्हणजे मुंबई, सोलापूर आणि मनमाड या तिन्ही वाटांची गाठ. शिरूरला रेल्वे नाही. पण पुणे–नगर सडक घोडनदीवरूनच जाते. त्यात ते वर्ष दुष्काळाचे. उपाशी शरीराची झुंजण्याची ताकद आधीच निम्मी झालेली असते, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

आता जंतू शरीरात काय करतो ते पाहू, कारण मजुराच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच दडलेले आहे. प्लेगचे जंतू पिसवेच्या घशाशी साचून तिची अन्ननलिकाच बुजवतात. रक्त पोटात उतरत नाही म्हणून ती भुकेने पिसाळते, पुनःपुन्हा चावते, आणि दर चाव्यासरशी जंतू माणसाच्या कातडीत ओकते. तिथे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात व जंतूंना गिळतात. पुष्कळ जंतू मरतात. पण काही त्या पेशींच्या पोटातच जिवंत राहतात, आणि मौज अशी की पिसवेच्या थंड अंगात ज्यांच्यावर कवच नव्हते, त्यांना माणसाच्या उबेत कवच चढते. मग बाहेर पडल्यावर नव्या पेशींना ते गिळता येत नाहीत. काखेत, जांघेत गाठ येते ती याच लढाईची जागा. गाठीत फळी फुटली तर जंतू रक्तात उतरतात. उपचार नसेल तर दहांतले तीन ते सहा रोगी दगावतात.

शरीराकडे दुसरे हत्यार आहे. त्या विशिष्ट जंतूला नेमके चिकटणारे प्रतिपिंड ते तयार करते. पण तयारीला दिवस लागतात आणि प्लेग तेवढे दिवस देत नाही. सारा खेळ वेळेचा आहे.

वाल्डेमार हाफकिन यांनी नेमका हा वेळच मिळवून दिला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, मग उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ते मेलेले जंतू प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतले. त्यांना ताप आला. येणारच. मेलेला जंतू पाहूनही पांढऱ्या पेशी हाकाटी करतात, त्या हाकाटीने मेंदू अंगाची उष्णता वाढवतो, आणि त्या अवधीत शरीर खऱ्या लढाईची तालीम उरकून घेते. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग झाला. टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू पुष्कळच कमी निघाले. कैद्याची संमती ती कितपत संमती, हा प्रश्न मला अजून बोचतो, पण लस खरी होती यात शंका नाही.

लोक मात्र बिचकले, आणि बिचकण्यास कारणे होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घरात घुसले, सामान जाळले गेले, माणसे ओढून नेली. उंदराचा रोग ते माणसांच्या माजघरात शोधत होते. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकतो. जे शिकत नाही ते हे की, ज्या सरकारच्या शिपायाने दार फोडले त्याच सरकारचा डॉक्टर सुई घेऊन आला तर दार उघडायचे कोणी? मजुराला आणखी एक हिशेब होता. सुईचा ताप म्हणजे एक-दोन दिवस काम बंद, आणि काम बंद म्हणजे चूल बंद. याला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अंकगणित वाटते.

मुंबईत तर निम्मी वस्ती पळाली. महिनाभराचा पगार अडकवून ठेवणारे गिरणीमालक तेव्हा रोजच्या रोज मजुरी मोजू लागले, नाक्यानाक्यावर मजुरांची बोली होऊ लागली! तो पैसा मालकाच्या खिशात आधीही होताच.

या धामधुमीत नारायण मेघाजी लोखंडे पळाले नाहीत. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारा आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारा हा माणूस रोग्यांची सोय लावत हिंडला, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच गेला. महिन्याभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणले होते. पोर वाचले, असे सांगतात. या दोघांना दार उघडायला कोणी नकार दिला असेल असे मला वाटत नाही.

त्या फाटकावर मी हे सगळे काही सांगितले नाही. लसीनंतरचा ताप म्हणजे शरीर कामावर रुजू झाल्याची खूण, एवढेच सांगितले, आणि ठेकेदाराकडे गेलो. "ताप तुमच्या माणसांना येणार, पगार मी का देऊ?" तो म्हणाला. दोन दिवस बोलणी चालली. शेवटी एका दिवसाचा खाडा त्याने भरून दिला. दुसऱ्या दिवसाचा मजुरांनीच सोसला, आणि सुई घेतली.