ख्रिस्ती बांधव देवाची उपासना का करतात? बौद्ध कार्यकर्त्यांनी समजून घ्यावेत असे मुद्दे

‘काहीतरी मिळेल म्हणून ते चर्चमध्ये गेले.’ अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य आपल्याच तरुणांच्या तोंडून ऐकायला मिळते. १९५६ नंतर आपल्या आजी-आजोबांनाही असेच हिणवले गेले होते. म्हणून ख्रिस्ती उपासनेमागची कारणे त्यांच्या श्रद्धेच्या भाषेत समजून घेणे गरजेचे आहे.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव, अमरावती या भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या प्रोटेस्टंट मिशनचे काम उभे राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनऱ्यांनी अनाथ मुले सांभाळली. अचलपूरजवळ कोठारा येथे कुष्ठरुग्णांसाठी दवाखाना चालतो. कॅथलिक पंथाचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. मदतीमुळे काही कुटुंबे मिशनजवळ आली हे खरे आहे. पण दुष्काळ सरला, तरी पुढच्या पिढ्या प्रार्थना करतच राहिल्या. केवळ भाकरी हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

उपासनेची कारणे

१. निर्माता म्हणून : विश्व देवाने निर्माण केले आणि जीवन ही त्याची देणगी आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून स्तुती आणि आभार हा उपासनेचा पाया आहे.

२. तारणाबद्दल कृतज्ञता : हे सर्वांत महत्त्वाचे कारण. माणूस पापी आहे, स्वतःच्या पुण्याईने तो सुटू शकत नाही, म्हणून देवाने येशूच्या रूपाने येऊन क्रुसावर त्याच्यासाठी प्राण दिले, असे ते मानतात. तारण कृपेने मिळते, ते विकत घेता येत नाही. त्यामुळे त्यांच्या धर्मशिकवणीनुसार उपासना ही देवाला खूश करण्यासाठी दिलेली लाच नव्हे. आधीच मिळालेल्या प्रेमाला दिलेला तो प्रतिसाद आहे.

३. आज्ञा म्हणून : दहा आज्ञांतील पहिली आज्ञा एकाच देवाला भजण्याची आहे. येशूने देवावरील प्रीतीला शेजाऱ्यावरील प्रीतीची जोड दिली. म्हणून शाळा, दवाखाना, रुग्णसेवा यांनाही ते उपासनेचाच भाग समजतात.

४. मंडळी म्हणून : येशू रविवारी पुन्हा उठला या श्रद्धेमुळे रविवारी एकत्र जमतात. प्रोटेस्टंट मंडळीत वचन, गीते आणि प्रभुभोजन असते; कॅथलिकांमध्ये मिस्सा असतो. ज्याला गावात एका पंगतीत बसू दिले जात नव्हते, त्याच्यासाठी एकाच भाकरीत वाटा मिळणे ही मोठी गोष्ट होती. अर्थात काही ठिकाणी चर्चमध्येही जात शिरली, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

५. आधार आणि आशा : आजारपण, कर्ज, मृत्यू अशा प्रसंगी ते मागणेही मागतात. त्यामागे सार्वकालिक जीवनाची आशा असते.

आपला फरक कुठे आहे?

आपण निर्माता ईश्वर आणि आत्मा मानत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी भेद स्पष्ट केला आहे : बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. आपली वंदना ही याचना नसून गुणांचे स्मरण आणि शील पाळण्याचा निर्धार आहे. ख्रिस्ती माणूस म्हणतो, मला कोणीतरी तारले. बौद्ध म्हणतो, चालायचे मलाच आहे. हा फरक लपवू नये. पण तो दाखवण्यासाठी दुसऱ्याला लाचार ठरवायची गरज नाही. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती सभेत बाबासाहेबांनी येशूच्या व्यक्तिमत्त्वाबद्दल आदर व्यक्त केला होता. त्याच वेळी, धर्मांतरानंतर राजकीय हक्कांसाठी लढत नाही म्हणून त्या समाजाला खडसावलेही होते. आदर आणि टीका अशी एकत्र नांदू शकते.

आज हे का महत्त्वाचे?

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. २०२२ मध्ये या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. धर्म बदलला तरी जातीचा जाच संपत नाही, हा युक्तिवाद आपण स्वतःसाठी केला होता. शेजारच्या गल्लीतील ख्रिस्ती कुटुंबाला तो लागू करायचा की नाही, यावर आपल्यात चर्चा व्हायलाच हवी. आरक्षणाच्या वाट्याची भीती खरी असेल, तर ती आकडेवारीने मांडावी. त्यांच्या प्रार्थनेची टिंगल हा मुद्दा होऊ शकत नाही.

पुढच्या वेळी ‘काहीतरी मिळेल म्हणून’ असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा : तुझ्या आजोबांबद्दल हेच म्हटले गेले, तेव्हा ते खरे होते का?